साहेबांना आवडलेला टोमणा

टोमणा झोंबला पाहिजे, एवढी तरी त्याची किमान पात्रता असते. ज्याला मारला तोच पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटू लागला, तर लेखकाने घरी जाऊन लेखणीचं टोक तपासावं. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांच्यावर ही पाळी आली होती. त्यांची ‘येस मिनिस्टर’ ही विनोदी मालिका २५ फेब्रुवारी १९८० रोजी बीबीसी टूवर सुरू झाली आणि जिच्यावर ती लिहिली होती ती सगळी जमात तिची भक्त बनली.

जिम हॅकर हे नवेकोरे मंत्री. त्यांच्याकडे प्रशासकीय व्यवहार खातं, म्हणजे कारभाराचा कारभार. त्यांना काही म्हणजे काही करू न देणं हे सचिव सर हम्फ्री ॲपलबी यांचं जीवितकार्य. मंत्री येतात, जातात. हे जागचे हलत नाहीत. दोघांच्या कात्रीत खासगी सचिव बर्नार्ड, जो ऐन संकटात साहेबांचं व्याकरण दुरुस्त करतो. एक टेबल, तीन माणसं आणि बोलणं. धावपळ नाही, धडपडणं नाही, सासू तर नाहीच. सर हम्फ्री एक वाक्य सुरू करतात आणि ते संपेपर्यंत मंत्र्यांना आपण काय विचारलं होतं तेच आठवत नाही. हम्फ्री झालेल्या नायजेल हॉथॉर्नना यासाठी चार वेळा बाफ्टा मिळाला. चारही वेळा हॅकर झालेल्या पॉल एडिंग्टन यांचंही नाव यादीत होतं. सचिवाने मंत्र्याला तिथेही जिंकू दिलं नाही.

पुढे हॅकर पंतप्रधान झाले, ‘येस, प्राइम मिनिस्टर’ १९८८ पर्यंत चालली. दोन्ही मिळून ३८ भाग. मंत्र्यांचा पक्ष कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि कुणाचं त्यावाचून काही अडतही नाही.

१९८१ मधला एक भाग सांगतोच. एक नवंकोरं सरकारी रुग्णालय. ५०० कर्मचारी: कारकून, हिशेबनीस, देखभालवाले, सगळे कामात आकंठ बुडालेले. रुग्ण मात्र एकही नाही, कारण डॉक्टर नेमायला पैसे उरलेले नाहीत. स्वच्छतेच्या पुरस्कारासाठी रुग्णालयाचं नाव पुढे आहे. असणारच. घाण करायला येणार कोण? मंत्री चक्रावतात आणि सर हम्फ्री त्यांना समजावतात, की रुग्ण नाहीत म्हणून या लोकांना कामं थोडीच कमी आहेत!

त्याच्या पुढच्या भागात सरकारी मानसन्मानांची पिसं काढली आहेत. खर्चात कपात करून दाखवल्याशिवाय अधिकाऱ्यांना किताब नाहीत, असा बेत हॅकर आखतात. सचिवालय हादरतं. मग सर हम्फ्री मंत्र्यांपुढे मानद डॉक्टरेटचा तुकडा धरतात आणि बेत आवरता घेतला जातो. आता ही पुढची यादी पाहा. १९८७ मध्ये एडिंग्टन आणि हॉथॉर्न या दोघांनाही राणीकडून सीबीई हा किताब. १९८८ मध्ये अँटनी जे यांना ‘सर’की. कोणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

पण खरा कळस त्याआधीच झाला होता. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर या मालिकेच्या निस्सीम चाहत्या. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात बाई स्वतःच रंगमंचावर उतरल्या. पंतप्रधानांच्या भूमिकेत पंतप्रधान. सोबतीला एडिंग्टन आणि हॉथॉर्न. दोघेही मनातून नाराज, पण पंतप्रधानांना नाही कोण म्हणणार? प्रहसनात त्या हॅकरना हुकूम सोडतात: देशातले अर्थतज्ज्ञ रद्द करा. प्रहसन बाईंच्या नावावर जमा झालं. त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव बर्नार्ड इंगहॅम यांचा हात होता. सचिवांवरच्या विनोदालाही सचिव लागला, आणि त्याचंही नाव बर्नार्ड!

सत्तेतल्या माणसाला हा टोमणा एवढा गोड का लागतो? कारण तो त्याला लागतच नाही. मंत्री पाहतो तेव्हा त्याला सर हम्फ्री दिसतात: मी देशाचं सोनं केलं असतं हो, पण हे लोक करू देतील तर ना! सचिवाला हॅकर दिसतात: अशा बावळटांपासून देश आम्हीच वाचवतो. आणि आपण सोफ्यावर बसून स्वतःला बर्नार्ड समजतो, सगळं कळणारे आणि कशाशीच संबंध नसलेले. थॅचरबाईंना तर नोकरशाहीला कात्री लावायचीच होती. जाहिरात आयती मिळाली. ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो करदाता ३८ भागांत क्वचितच दारातून आत येतो. त्या रुग्णालयात रुग्ण नव्हता, तसा या सरकारात नागरिक नाही. मालिका टिकली ती यामुळे. तिने कोणाचीच खुर्ची हलवली नाही, म्हणून ती सगळ्यांना परवडली. आपल्याकडेही २००१ मध्ये स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ आली, फारुख शेख मंत्री झाले. दिल्लीत खुर्च्यांची मापं लंडनचीच असल्यामुळे फार कापाकापी करावी लागली नाही.

पंचवीस वर्षांनी जे आणि लिन नवी मालिका घेऊन बीबीसीकडे गेले, तेव्हा बीबीसीने नियमाप्रमाणे आधी नमुन्याचा एक भाग करून मागितला. तुमच्याकडे ३८ नमुने आहेत, असं सांगून लेखक उठले आणि २०१३ मध्ये नवी मालिका दुसऱ्याच वाहिनीवर गेली. तिचं नाव आता कोणी काढत नाही. बीबीसीचं ते उत्तर मात्र सर हम्फ्रींनी शाबासकी द्यावी असं होतं.

पाहणार असाल तर दुसऱ्या पर्वाचे पहिले दोन भाग आधी पाहा, रुग्णालयाचा आणि किताबांचा. आणि ओळखीच्या कुठल्याही साहेबाला पाठवू नका. त्याला फार आवडतील.