क्लेमकाका

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात ऊठसूट विमानाने जाणारी माणसं फार नाहीत. तरी विमान रद्द झाल्याचा मेसेज कुणालाही येवो, ठाण्याच्या भाच्याला की पार्कसाइटच्या सासऱ्यांना, तो फिरत फिरत आमच्या जिन्यावर येतोच. चौथ्या मजल्यावर क्लेमकाका राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पोरांनी ठेवलेलं हे नाव काकांनी आपण होऊन व्हॉट्सअॅपवर लावून घेतलंय.

काका विक्रोळीतल्याच एका कारखान्यात स्टोअरला होते. आलेला माल चलनाशी ताडून बघायचा आणि कमी भरला की लाल पेनाने ‘शॉर्ट’ असा शेरा मारायचा, हे काम. नोकरी संपली, लाल पेन राहिलं. मधल्या काळात मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात त्यांनी डाळी-साखरेचं वाटपही केलं. 1975 साली सुरू झालेल्या या संस्थेने मुंबईत पुष्कळ जागरूक ग्राहक घडवले. काका त्यातले जरा जास्तच घडले.

त्यांना रामरक्षा येत नाही, विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियम मात्र तोंडपाठ आहे. उड्डाण रद्द होणार हे दोन आठवडे आधी कळवलं नाही आणि धड पर्यायही दिला नाही, तर तासाभराच्या प्रवासाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. या ‘जे कमी असेल ते’वर काकांचा खास राग. स्वस्तात तिकीट काढायचं हा त्यांचा स्वभाव आणि तिकीट स्वस्त तर भरपाईही स्वस्त हा सरकारचा नियम. एकदा सुनेने गोव्याचं तिकीट 1,900 रुपयांत मिळवलं, तेव्हा घरात सगळे खूश आणि काका एकटेच खिन्न. “रद्द झालं तर हातात काय येणार?” असं ते दोनदा म्हणाले. विमान वेळेवर सुटलं. गोव्याला पोचेपर्यंत काकांच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव होता.

विमानतळावर काकांचं लक्ष घड्याळावर असतं. कमी पल्ल्याच्या उड्डाणाला दोन तासांचा उशीर झाला की खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसतं. काकांना असतं. एक तास पन्नास मिनिटं झाली की ते डोळे मिटून बसतात. त्या दहा मिनिटांत विमान आलं तर त्यांच्याएवढा दुःखी माणूस त्या हॉलमध्ये नसतो.

‘खराब हवामान’ या दोन शब्दांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. नैसर्गिक आपत्ती, दंगल, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई लागू होत नाही, म्हणून कंपन्या ऊठसूट ढगांकडे बोट दाखवतात असं त्यांचं ठाम मत. तसा मेसेज आला की काका गच्चीवर जातात. घाटकोपरच्या अंगाने उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून दिसतात. काका निरभ्र आभाळाचा फोटो काढतात, त्यात वेळ दिसावी म्हणून हातातलं घड्याळही घेतात, आणि मग म्हापशाच्या मेहुणीला फोन लावतात: “तुमच्याकडे पाऊस आहे का? नीट बघून सांगा, रेकॉर्डिंग चालू आहे.” मेहुणी हल्ली त्यांचा फोन उचलत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं हजारोंनी रद्द झाली, तेव्हा काकांचं सोनं झालं. पायलटांच्या विश्रांतीचे नियम बदलणार हे आधीपासून माहीत असून कंपनीची तयारी नव्हती. देशातले निम्म्याहून जास्त प्रवासी नेणारी ही कंपनी, तेव्हा दयामायेचा प्रश्नच नव्हता. जिन्यात रांग लागली. फार हाल झालेल्यांना कंपनीने नंतर 10,000 रुपयांची व्हाउचर देऊ केली, तर काका म्हणाले, “कूपन? म्हणजे ज्याने फसवलं त्याच्याच दुकानात पुन्हा जायचं?” काका, मी म्हटलं, पण तुम्ही तर गेला नव्हता कुठे. ते म्हणाले, “तत्त्वाला तिकीट लागत नाही.”

धष्टपुष्ट कंपनीशी भांडणं सोपं असतं. खरा पेच पडतो तो खंगलेल्या कंपनीशी. मुंबईने अशा पुष्कळ पाहिल्या: ईस्ट-वेस्ट, दमानिया, मग 2012 मध्ये जमिनीवर आलेली किंगफिशर. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उडालं आणि सुमारे 20 हजार माणसांच्या नोकऱ्यांवर गदा आली. गो फर्स्टने मे 2023 मध्ये, निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. यातल्या एका कंपनीचं तिकीट काकांच्या गोदरेजच्या कपाटात आहे. कोणत्या, ते मी लिहीत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे असं काकांचं म्हणणं आहे.

आता योग असा की दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा त्याच कंपनीत ग्राउंड स्टाफला होता. काका दाव्याचे कागद झेरॉक्स करून जिना चढत होते आणि वहिनी दारातच उभ्या होत्या.

“काका, माझ्या पोराचा चार महिन्यांचा पगार अडकलाय आणि तुम्ही तिकिटाचे पैसे मागताय? जरा तरी वाटतं का हो?”

काका जिन्यातच बसले. त्यांनी नळाचं पाणी उदाहरणाला घेतलं. दिवाळखोरीच्या कायद्यात कंपनी मोडीत निघाली की पैसा आमच्या इमारतीतल्या पाण्यासारखा येतो, म्हणाले. आधी ही सगळी प्रक्रिया चालवण्याचा खर्च. मग तळमजल्यावर तारण असलेल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांचे दोन वर्षांचे पगार. त्याच्या वर इतर कर्मचाऱ्यांचं एका वर्षाचं येणं. मग बिनतारणाची कर्जं, सरकारी देणी. तुमचा मुलगा कामगार धरा की कर्मचारी, तो खालच्या मजल्यांवर आहे. प्रवासी माझ्यासारखा, चौथ्या मजल्यावर. “माझ्या नळाला पाणी येईपर्यंत तुमची पिंपं भरून वाहिलेली असतील, वहिनी. मी तोटी बंद ठेवली तरी तुमच्याकडे थेंब वाढणार नाही. माझ्याकडे येणार फक्त हवा. हवाई कंपनी आहे, हवाच देणार!”

वहिनींना विनोद आवडला नाही. पण हिशेब पटला असावा, कारण त्यांनी चहा टाकला.

चहा पिता पिता काकांनी कागद मांडीवर घेतला आणि लाल पेन काढलं. दोन ओळी होत्या. एक तिकिटाच्या परताव्याची, दुसरी 7,500 रुपये भरपाईची. दुसरी ओळ त्यांनी पट्टी धरून सरळ खोडली आणि बाजूला सही केली. “तिकिटाचे पैसे माझे आहेत, ते मेलेल्याकडूनही मागेन. दंड मात्र जिवंत माणसाला करायचा असतो.” काकांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच शहाणपण, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. कंपनी अडचणीत आहे म्हणून प्रवाशाने आपले पैसे सोडले, तर पगार थकलेल्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. अर्थात खोडलेली रक्कम ‘जे कमी असेल ते’ या नियमाने 7,500 नव्हतीच, जेमतेम अडीच हजार होती. त्याग मात्र काका अजूनही साडेसात हजारांचाच सांगतात.

अडचणीतल्याला मुदत द्यावी, माफी देऊ नये, हे काका करोनात शिकले. मार्च 2020 मध्ये सगळी विमानं थांबली, कंपन्यांनी रोख परत न करता पुढच्या तिकिटासाठी वापरायचं ‘क्रेडिट शेल’ हातात ठेवलं. 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तोडगा काढला: लॉकडाऊनच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे लगेच परत, त्याआधी काढलेल्यांचे पंधरा दिवसांत, आणि कंपनी खरोखर आर्थिक अडचणीत असेल तर क्रेडिट शेल, पण जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का भर घालून, आणि 31 मार्च 2021 पर्यंत न वापरल्यास रोख. काकांनी तो पाऊण टक्का रुपये-पैशांत काढला. काकू म्हणाल्या, त्याला लागलेल्या कागदाचे पैसे कोण देणार?

काकूंनी काकांना एकदाच खरं पकडलं. 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप होता. काकांचं खेडचं रिझर्व्हेशन वाया गेलं. काकांनी त्या पैशांसाठी एक ओळही लिहिली नाही.

“तिथे का नाही हो क्लेम?”

“एसटी आहे ती. संपावर कंडक्टर आहे, त्याचा पगार किती माहितीये? विमानवाले गणपतीत भाडं तिप्पट करतात, तेव्हा माझी अडचण विचारतात का?”

“एसटीपण दिवाळीत भाडं वाढवत आलीये. दहा टक्के.”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दहाच ना.”

तर, तुमचं विमान रद्द झालं असेल तर आधी परताव्याचा अर्ज करा, मेसेज आणि बोर्डिंग पास डिलीट करू नका, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही. एवढं करून दाद मिळाली नाही तर काका संध्याकाळी सहानंतर इमारतीखालच्या बाकावर असतात. सल्ला फुकट आहे. झेरॉक्सचे पैसे तुमचे.