लेबल हिरवं, गटार वरळीचं

भायखळा स्टेशनबाहेरच्या कुठल्याही किराणा दुकानात शिरा आणि साबणाच्या फळीकडे बघा. राणीच्या बागेत नसतील इतकी पानं तिथे उगवली आहेत. भांड्यांच्या साबणावर लिंबाचं पान, लादीच्या पाण्यावर कडुनिंबाचं, कपड्यांच्या पावडरीवर कसलं ते वनस्पतीशास्त्रज्ञालाही सांगता येणार नाही असं. संडासात ओतायचं तेसुद्धा आता म्हणे पर्यावरणस्नेही. झाकण हिरवं, बाटली हिरवी, आतलं पाणी हिरवं. भाव मात्र लाल.

"काकू, हे न्या, एकदम नॅचरल आहे."

"काय असतं ह्यात?"

"लिंबू."

"कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? चित्र आहे ना!"

दुकानदाराला हसू नका. त्याने कायद्याचा मथितार्थ दोन वाक्यांत सांगितला. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे ते छापावं लागतं, तोंडाला फासायच्या क्रीमवरही लागतं. कपड्याच्या पावडरीवर वजन, किंमत आणि कंपनीचा पत्ता सापडेल, पण घटकांची सगळी यादी शोधू नका. तिथे "सरफॅक्टंट, सुगंध, रंग" एवढ्यावर भागतं. हे म्हणजे हॉटेलच्या मेनूकार्डावर "अन्न, मसाला, पाणी" लिहिण्यासारखं झालं.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १९९१ साली केंद्राने "इकोमार्क" आणला. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालावर मातीच्या मडक्याचं चिन्ह लावायचं अशी योजना. साबण आणि डिटर्जंट सुरुवातीच्या यादीतच होते. आता आपल्या मोरीत जा आणि मडकं छापलेली एक तरी बाटली सापडते का बघा. कंपन्या त्या मडक्याकडे फारशा फिरकल्याच नाहीत. का फिरकतील? मडकं मिळवायला तपासणी लागते, पानाचं चित्र काढायला फक्त चित्रकार लागतो. २०२४ मध्ये सरकारने इकोमार्कचे नवे नियम काढले. मडक्याला पुन्हा पॉलिश झालं आहे, गिऱ्हाईक येतंय का ते बघायचं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही मार्गदर्शक तत्त्वं काढली. नुसतं "ग्रीन", "इको-फ्रेंडली" असं मोघम छापून चालणार नाही, दावा केलात तर पुरावा द्या, अवघड शब्द वापरलात तर गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत समजावून सांगा. वाचून बरं वाटतं. पण त्याच कागदावर एक पळवाटही नीट रांगोळी घालून ठेवली आहे. नुसते रंग आणि चित्रं, त्यातून फसवणूक होत नसेल तर, फसव्या हिरव्या दाव्यांच्या व्याख्येत धरली जाणार नाहीत. म्हणजे शब्दाला पुरावा, पानाला सूट. फळीवर पानं का वाढली याचं उत्तर शोधायला आता वनखात्याकडे जायला नको.

बरं, पान सोडा. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात "बायोडिग्रेडेबल" लिहिलेलं असतं, ते तरी खरं की नाही? खरं असतं हो! गंमत तिथेच आहे. १९६०च्या आसपास युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर डिटर्जंटच्या फेसाचे डोंगर उभे राहिले होते. त्या वेळच्या रसायनाची साखळी फांद्याफांद्यांची होती, जंतूंना ती तोडता येईना. मग सरळ साखळीचं रसायन आलं, लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनेट. ते जंतूंना पचतं. आपल्याकडच्या स्वस्तातल्या स्वस्त पावडरीतही बहुतेक वेळा तेच असतं. त्याचं मूळ द्रव्य केरोसीनच्या कुळातलं. शेजारच्या रायगडात पाताळगंगेलाही ते तयार होतं. म्हणजे साठ वर्षांपूर्वी झालेली सुधारणा आज नव्या बाटलीत, नव्या किमतीत, नवी म्हणून विकली जाते.

"आमचं वनस्पतीजन्य आहे" असं सांगणाऱ्यांचीही एक चौकशी करावी. वनस्पती कोणती? पुष्कळदा पाम किंवा नारळ. पामतेल येतं इंडोनेशिया-मलेशियातून, आणि तिथे पामच्या मळ्यांसाठी जंगलं तोडल्याची कहाणी जगजाहीर आहे. भायखळ्यातलं ताट हिरव्या साबणाने स्वच्छ निघावं म्हणून बोर्निओतलं झाड पडलं असेल, तर त्या झाडाचं पान बाटलीवर छापायला काय हरकत आहे? श्रद्धांजली म्हणून चालेल.

आता मुद्द्याची गोष्ट. "सहज विघटनशील" ठरवायची जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, तिचा कालावधी असतो २८ दिवसांचा. प्रयोगशाळेतलं भांडं, भरपूर हवा, सांभाळलेलं तापमान, तयार बसलेले जंतू. एवढ्या लाडात ठेवून रसायन साधारण ६० टक्के खपलं की पास. आपल्या मोरीतल्या पाण्याला हे लाड कोण करणार? भायखळ्याचं सांडपाणी जातं वरळीकडे, लव्हग्रोव्हच्या उदंचन केंद्रावर. वाटेतल्या गटारात हवा नाही, आणि हे सरळ साखळीचं रसायन बिनहवेच्या जागी फारसं विरत नाही. वरळीला जाळीत चिंध्या-प्लास्टिक अडतं, रेती खाली बसते, आणि उरलेलं सगळं समुद्राखालच्या बोगद्यातून साधारण साडेतीन किलोमीटर आत सोडलं जातं. चाचणीत २८ दिवस मिळतात, आपण दिले काही तास.

समुद्र मोठा आहे, तिथेही जंतू आहेत, पाणी पांगतं, रसायन पातळ होतं, हे मान्य. पण मग त्याचं श्रेय अरबी समुद्राला द्या, बाटलीला कशाला? वरळी कोळीवाड्यातल्या माणसाला विचारा, समुद्र आपलं किती गिळतो.

या दुखण्यावर औषध आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या सात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांचं भूमिपूजन झालं. वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा. खर्च सुमारे १७ हजार २०० कोटी, क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर, त्यातली एकट्या वरळीची ५००. तो प्रकल्प चालू झाला की तुमच्या बाटलीवरच्या "बायोडिग्रेडेबल" शब्दाला पहिल्यांदा काही अर्थ येईल. तोवर तो शब्द म्हणजे लग्न ठरायच्या आधी छापलेली पत्रिका.

साबणातलं झालं, आता साबणाबाहेरचं. "प्लास्टिक वाचवा, रिफिल पाऊच घ्या" ही नवी भक्ती. पाऊचमध्ये प्लास्टिक वजनाने कमी असतं, यात खोटं काही नाही. पण ते घेऊन एकदा भंगारवाल्याकडे जा. मदनपुऱ्याच्या बाजूला गल्ल्यांत भंगाराचे गाळे आहेत, तिथे उभं राहून बघा. जाड बाटली तो हातात घेतो, बोटाने दाबतो, झाकण वेगळं काढतो, कागद ओरबाडतो आणि बाटली बाटल्यांच्या पोत्यात, झाकण झाकणांच्या. दोन्हींचा भाव वेगळा. पाऊच दिला तर तो तुमच्याकडे बघतो. एकावर एक चिकटवलेले वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर वेगळे कोण करणार, आणि कोणत्या भावात? पाऊच जातो कचऱ्याच्या गाडीत आणि तिथून कांजूरमार्गच्या डोंगरावर. पर्यावरणाची परीक्षा घेणारा या शहरातला सर्वांत कडक मास्तर हा भंगारवाला आहे. त्याने नापास केलं की कितीही पानं छापा.

मग येतो फेस. मराठी घरात फेस आला नाही तर साबण खोटा. "अगं, फेसच नाही!" असं म्हणत आणखी अर्धा डाव पावडर बादलीत पडते. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध फार बेताचा आहे. कपडे धुवायच्या मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात आणि तरी कपडे निघतात. फेस डोळ्यांसाठी असतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते, खळबळायला लागणाऱ्या दोन जादा बादल्यांत. ते पाणी येतं तानसा, वैतरणा, भातसातून, म्हणजे शहापूरच्या बाजूने. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो की नाही याची वाट बघत बाया हंडे घेऊन उभ्या असतात. पर्यावरणस्नेही साबणाचा फेस घालवायला त्यांचं पाणी वापरायचं आणि वर बाटलीवर पृथ्वीला मिठी मारणारे दोन हात छापायचे, याला काय म्हणावं?

यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपाय तयारच असतो. बायोएन्झाइम! एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवा. रोज झाकण सैल करा, नाहीतर बाटली फुटेल. मुरल्यावर हाती येतं मुख्यतः सौम्य आम्लाचं पाणी. लादीला, नळाच्या डागांना चालतं, ओल्या कचऱ्याचा थोडा उपयोग होतो, उत्तम आहे. पण "याने गटारं शुद्ध होतात, नद्या शुद्ध होतात" असं फॉरवर्ड करू नका. दुसरा लाडका उपाय म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणं. फस्स् करून बुडबुडे येतात, घरातली पोरं टाळ्या वाजवतात. आम्लाने सोड्याला मारलं, सोड्याने आम्लाला. मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत.

"आजी रिठ्याने धुवायची" हेही खरं. रिठा कुजतो, पॅकिंग लागत नाही, रेशमाला आणि लोकरीला मऊ. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत सोडा. रिठ्यातल्या सॅपोनिनने मासे तडफडतात. रिठ्याच्या जातीची फळं जगात काही ठिकाणी मासे पकडायला पाण्यात कुटून टाकत. नशीब, अख्खी मुंबई एका दिवसात रिठ्यावर गेली नाही.

आता त्या माणसाकडे या, ज्याचं पर्यावरण सगळ्यांत आधी बिघडतं. जाहिरातीत नद्या असतात, कासवं असतात, लहान मुलं असतात. भांडी घासणारी मावशी कुठे दिसते का? चार घरची भांडी करणाऱ्या बाईच्या बोटांची पेरं बघा, सोललेली असतात. सकाळी एका घरचा हिरवा साबण, दुपारी दुसऱ्या घरचा पिवळा, तिचा हात एकच. आपण तीनशे रुपयांची पर्यावरणस्नेही बाटली आणतो आणि पन्नास रुपयांचे रबरी हातमोजे आणायचे विसरतो.

संडासाचंही तसंच. निळ्या बाटलीमागचं लेबल वाचा, त्यात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघा, नोंद ठेवा असं सांगितलं. तरी "फिनाइल, ॲसिड" अशी आरोळी अजून काही गल्ल्यांतून ऐकू येते. पिवळा डाग जात नाही म्हणून कुणी त्या ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकतं. त्यातून निघतो क्लोरीन वायू. खिडकी नसलेल्या, दार लावलेल्या खोपट्यात तो आधी कोणाच्या छातीत जातो? घासणाऱ्याच्या.

भायखळ्याच्या पलीकडे सात रस्त्याच्या चौकाला संत गाडगे महाराजांचं नाव आहे. त्यांच्या हातात खराटा होता, बाटली नव्हती. आपल्याला खराटा नको असतो, कारण त्यात हात चालवावे लागतात. बाटली ओतली की हात न चालवता स्वच्छ, आणि पान बघितलं की विचार न करता पुण्य.

तेव्हा पुढच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत एवढं करा. पावडर जितकी घालता त्याच्या निम्मी घालून बघा. कपडे निघाले तर तीच ठेवा. दहा कामांना दहा बाटल्या आणू नका, साधी वडी आणि काथ्या पुष्कळ काम करतात. पाऊचऐवजी जी बाटली भंगारवाला विकत घेतो तीच घ्या. ॲसिड आणि ब्लीच एका दिवशी हातात धरू नका. मावशींना हातमोजे द्या, आणि ते फाटले की नवे द्या. पान बघून जास्त पैसे मोजू नका, मडकं असेल तर मोजा.

आणि ज्या उत्साहाने दुकानदाराला "ह्यात काय आहे?" विचारता, त्याच उत्साहाने महापालिकेला एकदा लेखी विचारा, की वरळीचा ५०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प नक्की कोणत्या तारखेला चालू होणार. बाटलीवर काय छापलंय यापेक्षा त्या पत्राला काय उत्तर येतं, ते जास्त महत्त्वाचं आहे.