चाकावरच्या संडासाचे मालक यांस

रा. रा. पाहुणे,
स. न. वि. वि.

आपण आमच्या आखाड्यावर दोन रात्री राहून पुण्याला सुखरूप पोचलात, हे आपल्या अभिप्रायावरून समजलं. पुतण्यानं मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवला. पाचपैकी तीन तारे. 'माणसं प्रेमळ, हुरडा झकास, पण स्वच्छतेकडे लक्ष द्यायला हवं.' मी चष्मा मागवून स्वतः वाचला. शेवटचं वाक्य जागच्या जागी होतं.

त्याच दिवशी सकाळी मी ओढ्याकाठी चुन्याची दुसरी गोणी रिकामी केली होती. म्हणून हे पत्र.

तुम्हाला (आता 'आपण' पुरे झालं) इथं बोलावलं कुणी, ते आधी सांगतो, कारण दोष घरचाच आहे. राज्य सरकारनं 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, 2021 मध्ये कॅराव्हॅनचं. दोन्ही बातम्या पुतण्यानं मोबाईलात जपून ठेवल्या होत्या. यंदा सोयाबीनची पट्टी हातात पडल्यावर त्यानं त्या बाहेर काढल्या. "काका, आखाड्यामागचा तुकडा सपाट करू. एक नळ, एक बोर्ड. लोक घर घेऊनच येतात, आपल्याला खोली बांधायची गरज नाही." घर पाठीवर घेऊन येणारे म्हटल्यावर मला गोगलगायीच आठवल्या. 2022 साली मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. तरी मी 'लाव बोर्ड' म्हणालो. माणसाला अक्कल एका हंगामात येत नाही.

शुक्रवारी दिवस मावळताना तुमची गाडी आली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. का म्हणतो, ते कुणी सांगत नाही. जर्मनीत म्हणे सुट्टी लागली की अशी घरं रस्त्यावर निघतात. तुमच्या गाडीत पाऊल टाकलं आणि म्हणीचा अर्थ लागल्यासारखं वाटलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, टीव्ही, अंघोळीचा फवारा आणि या सगळ्याच्या पोटात, कपाटाएवढ्या खोलीत, संडास. तुम्ही दार उघडून दाखवलंत तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अगं बाई, चारशे किलोमीटर हे संगट आणलं?" तुम्ही अभिमानानं हसलात.

बाकीचं मी मोजत नाही. ओलवलेल्या गव्हात चाक रुतलं, ट्रॅक्टरनं ओढून काढलं, दोन सारे गेले. शेजाऱ्याच्या तुरीच्या शेंगा न विचारता ओरबाडल्यात. एसीची पिन लावून आखाड्याचा फ्यूज उडवलात. जांभूळबेट बघायला नेलं, तर गोदावरीच्या काठावर उभं राहून विचारलंत, "गाडी पलीकडं नाही का जात?" नाही जात. म्हणून तर त्याला बेट म्हणतात.

निळं पाणी मात्र मोजतो.

रविवारी सकाळी तुम्ही विचारलंत, "काका, डम्पिंग पॉइंट कुठंय?" मला वाटलं, कचरा असेल. कोपऱ्यातला उकिरडा दाखवला. तुम्ही तिकडं बघून नाक मुरडलंत. तासाभरानं गाडी धुरळा उडवत गेली. दुपारी शेजारी बोलवायला आला. ओढ्याच्या डोहात निळंशार पाणी, वर मऊ कागद तरंगतोय, काठावर रुंद चाकांच्या खुणा. शेजाऱ्याची म्हैस पाण्याला तोंड न लावता नुसती उभी. म्हशीला कळलं. आम्हाला कळायला पुतण्या यावा लागला: तुमच्या संडासाखाली एक पेटी असते, घाण विरघळावी आणि वास मरावा म्हणून तिच्यात ते निळं औषध घालतात, आणि पेटी भरली की ती कुठंतरी ओतावी लागते. त्या 'कुठंतरी'मध्ये आम्ही राहतो. तो ओढा पुढं गोदावरीला मिळतो. आम्ही तिला गंगा म्हणतो.

स्वच्छता आम्हाला नवी नाही, साहेब. संत गाडगेबाबांच्या नावानं 2000-01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान निघालं, तेव्हापासून शिकतोच आहोत. कधी गोडीनं, कधी लाजून. भल्या पहाटे गुड मॉर्निंग पथक यायचं. टमरेल घेऊन निघालेल्याच्या हातात गुलाबाचं फूल द्यायचं, दंडाचा धाक घालायचं. आमच्या एका म्हाताऱ्यानं फूल टमरेलात खोचलं आणि निघाला तिकडंच गेला, तो भाग वेगळा. पुढं 12,000 रुपयांचं अनुदान आलं. त्यात पदरचे घालून मी संडास बांधला. त्याच संडासापायी तुम्ही तारे कापलेत. कोपऱ्यात कोळ्याची जाळी होती, कबूल. पण त्याच्या खाली खड्डा आहे हो. आमचं आमच्याच रानात मुरतं. तुमचा संडास चकचकीत, कारण त्याचा खड्डा दुसऱ्याच्या गावात असतो.

आणि चाकावरचा संसार तर आम्हाला दाखवूच नका. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ट्रॉल्या निघतात. ज्वारीचं पोतं, पाण्याचे ड्रम, चूल, कोंबड्या, लेकरं, वर ताडपत्री. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेस्तोवर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, दुसऱ्याच्या रानात, पाचटाच्या कोपीत राहायचं. पाच-पाच महिने. त्या ट्रॉलीत संडास नसतो. बाईला अंधाराची वाट बघावी लागते, आणि पहाटेच फडात उभं राहायचं असतं, म्हणजे तिच्या वाट्याला अंधार तरी किती उरतो? त्यांच्या मुक्कामाला कुणी तारे देत नाही. उठा, इथनं हला, म्हणतात. आणि ज्याच्याकडं दार लावून बसायला संडास आहे, तो माणूस चारशे किलोमीटर येतो, आमच्या पोराबाळांच्या ओढ्यात पेटी उपडी करतो आणि घरी जाऊन लिहितो, स्वच्छतेकडे लक्ष द्या! लाज कशी वाटली नाही? टोमणा नाही हा. खरंच विचारतोय.

(इथं कागद बाजूला ठेवला होता. पुढचं दोन दिवसांनी लिहितोय.)

इथंच सही करणार होतो. पण शुक्रवारची रात्र डोक्यातून जात नाही. त्या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची होती. साडेबाराला आली. मी बॅटरी आणि फावडं घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघालो. आमची थंडी कृषी विद्यापीठाच्या आकड्यासकट पेपरात येते, तसलीच रात्र होती. बांधावर पांढरं काहीतरी हललं. बघतो तर तुम्ही. अंगावर चादर, हात वर, हातात मोबाईल, रेंज शोधताय. "येस सर. सोमवारी नाही सर, आत्ताच पाठवतो सर." फोन ठेवून वळलात आणि मला बघून दचकलात.

"काका, एवढ्या रात्री?"

"लाईट आत्ता आली."

"माझंही तसंच," म्हणालात. "त्यांच्याकडं अजून शुक्रवारची दुपार आहे."

मी दारं मोडून पाणी पुढच्या साऱ्यात सोडलं, तुम्ही बॅटरी धरलीत. पाणी साऱ्याच्या टोकाला जाईस्तोवर कुणीच बोललं नाही. मग तुम्ही सांगितलंत की गाडी भाड्याची आहे. रविवारी रात्री दहाच्या आत परत करायची, टाकी रिकामी करून, नाहीतर डिपॉझिट कापतात. कसली टाकी, ते मी विचारलं नाही. मला डिझेलची वाटली. डिझेलची टाकी रिकामी करून कशाला मागतील, एवढंही सुचलं नाही. माझं लक्ष पाण्याकडं होतं. तुम्ही शेवटपर्यंत बॅटरी धरून उभे होतात. पाय भिजले, तरी गेला नाहीत.

उकिरड्याच्या पलीकडं, विहिरीपासून लांब, पुतण्यानं शोषखड्डा खणायला घेतला आहे. चार फूट झाला, आता मुरूम लागलाय, पहार लागते. पुढच्या खेपेला ते निळं औषध न घालता या. पेटी तुम्हीच ओतायची. बॅटरी मी धरीन.

आपला,
तीन ताऱ्यांचा यजमान
ता. पालम, जि. परभणी

ता. क. : तुमची घडीची खुर्ची इथंच राहिली आहे. तिच्यावर बसूनच हे लिहिलं. पाठ धरली. पाचपैकी दोन.