वाय-फायवाल्या कुकिंग रेंजला अनावृत पत्र

मुक्काम एडिसन, न्यू जर्सी

श्रीमती कुकिंग रेंज,
डिशवॉशरच्या शेजारी, स्वयंपाकघर

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या पॅनेलवरचं वाय-फायचं चिन्ह पुन्हा लुकलुकू लागलं आहे. लुकलुकणं म्हणजे आपण नेटवर्कच्या शोधात आहात, असं पुस्तिका सांगते. राउटर दिवाणखान्यात टीव्हीमागे आहे, मागच्या आठवड्यातही तिथेच होता. शोध कसला चाललाय?

आपलं सोवळं कडक आहे, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक झालंय. आपल्याला चालतो फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. ५ गिगाहर्ट्झचा विटाळ. एका अर्थी ते शहाणपणाचंही आहे. २.४च्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, लांब पोचतात, आणि ‘ओव्हन ३५० फॅरनहाइटला आला’ एवढा निरोप द्यायला वेग हवाय कुणाला? पण हल्लीचा राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली चालवतो आणि कुणाला कुठे बसवायचं ते आपल्या मनाने ठरवतो. त्यात डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षाही आपल्याला पटत नाही, जुनी डब्ल्यूपीए२च लागते. शेवटी गेस्ट नेटवर्क उघडलं, ते फक्त २.४वर आणि डब्ल्यूपीए२वर ठेवलं आणि आपली तिथे सोय केली. दोन माणसांनाही न हलणारी, २४० व्होल्ट खाणारी बाई आमच्याकडे पाहुणी म्हणून राहते.

आपल्याला जोडून घेण्याचा विधी मात्र मानला पाहिजे. पॅनेलवरचं बटण दाबून धरलं की आपण स्वतःचंच एक चिमुकलं नेटवर्क सुरू करता. त्याचा पासवर्ड खालच्या ड्रॉवरच्या आत, स्टिकरवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणजे पातेली बाहेर काढा, फरशीवर आडवे व्हा आणि ज्या फोनवर तो टाइप करायचा त्याच फोनच्या टॉर्चने तो वाचा. एवढं करून फोन जोडला, की त्याला साक्षात्कार होतो: या नेटवर्कवर इंटरनेट नाही! (कसं असेल? ते तर ओव्हनचं आहे.) मग तो कुणाला न सांगता मोबाइल डेटावर निघून जातो आणि ॲप म्हणतं, ‘डिव्हाइस सापडलं नाही’. त्यावर उपाय म्हणजे जोडणी होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवायचा. तोवर ॲपला माझं लोकेशनही हवं असतं. ॲंड्रॉइडमध्ये आसपासची वाय-फाय शोधायची परवानगी लोकेशनशी बांधलेली आहे, हे मला लेकीने समजावलं. रेंज कुठे आहे? माझ्यासमोर. मी कुठे आहे? फरशीवर.

आपल्या डोक्यावर टांगलेल्या मायक्रोवेव्हबद्दलही बोललं पाहिजे. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. इथल्या घरांत तो नेमका रेंजच्या वर बसवायची पद्धत आहे. त्यातून निसटलेला किंचितसा गोंगाट माणसाला बाधत नाही, पण आपल्याला पुरतो. कालची आमटी दोन मिनिटं गरम करायला ठेवली, की आपला संपर्क तुटलाच.

हेल्पलाइनवाले म्हणतात, राउटर बंद करून चालू करा. राउटरवाले म्हणतात, रेंज बंद करून चालू करा. राउटरचं ठीक, वायर उपटली की झालं. आपला प्लग आपल्याच पाठीमागे. मग तळघरात उतरून जाडजूड जोड-ब्रेकर पाडा, मिनिटभर ताटकळा, वर या. तोवर आपलं घड्याळ गेलेलं. ते वाय-फायवरून आपोआप लागतं म्हणे.

बरं, सगळं जुळलं. आता रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या सीटवर बसून ओव्हन चालू करावा, अशी आमची माफक हौस. तर ‘रिमोट एनेबल’ दाबलेलं नाही! ते दाबायचं कुठे? आपल्याच पॅनेलवर, घरून निघताना, आत भरताचं वांगं ठेवून. आणि त्यानंतर कुणी दार उघडून वांग्यावर तेलाचा हात फिरवला, की परवानगी रद्द, पुन्हा दाबा. यामागचं कारण सुरक्षेचं आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे: आत प्लास्टिकचा डबा राहिलेला असेल, तर तो रूट वनवरून दिसत नाही. वरच्या काचेच्या शेगड्या तर ॲपवरून पेटतच नाहीत. त्याही बाबतीत आपलंच बरोबर. फक्त दुकानातल्या जाहिरातीत जी बाई समुद्रकिनाऱ्यावरून केक भाजत होती, ती घरी परत कधी गेली होती, ते दाखवायला हवं होतं.

आपला एकच गुण मी नाकारत नाही. गाडी हायवेला लागली, की आमच्याकडे कुणीतरी विचारतंच, “ओव्हन बंद केला का गं?” पूर्वी गाडी वळवावी लागायची. आता ॲप उघडायचं, आणि चालू असेल तर तिथूनच बंद करायचा. बंद करायला आपण कुणाची परवानगी मागत नाही. एवढ्यासाठी मी फरशीवर आडवी होते. तेव्हा निदान प्रवासाच्या दिवशी तरी लुकलुकू नये, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घरची मालकीण (नेटवर्कची ॲडमिन लेक आहे)

ता. क. पुढच्या महिन्यात नवा राउटर येतोय. त्याच्या गेस्ट नेटवर्कला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि तोच २.४चा पट्टा द्यायचा, असं घरात गुपचूप ठरलं आहे. आपल्याला बदल कळू नये, एवढाच हेतू. हे आपल्याला कुणी सांगितलं, ते विचारू नये.