सात दशांश स्थळं

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा पोरगा तुम्ही ओळखताच. पुण्यातल्या प्रत्येक इमारतीत तो कॉट बेसिसवर असतो. आमच्याकडे वरच्या मजल्यावर आहे. ओळख विचारली की नाव घाईघाईत उरकतो आणि मग छाती भरून सांगतो, "सीईटीला ९७.४६१८३०२."

लाखो पोरं एका परीक्षेला बसतात, म्हणून बरोबरी टाळायला हा पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत काढतात. त्याचं काम कॅप राउंडपुरतं, प्रवेश झाला की विसरायचं, हे याला कुणी सांगितलेलंच नाही. वॉचमनला आकडा पाठ आहे, इस्त्रीवाल्यालाही. मेसच्या काकू तर "ए सत्त्याण्णव, भात घे" अशीच हाक मारतात. त्यावर तो नम्रपणे म्हणतो, "साडेसत्त्याण्णवच धरा काकू, जवळजवळ."

मग येतात आवडीनिवडी. कोडिंग, वाचन, ट्रेकिंग. प्रवेश मेकॅनिकलला, 'पण इंटरेस्ट एआयमध्ये'. कोडिंग म्हणजे लॅपटॉपवरचे स्टिकर. ट्रेकिंग म्हणजे सिंहगड, तोही मित्राच्या गाडीवरून वाहनतळापर्यंत. पुढचा गड पिठलं-भाकरीत सर होतो. वाचनाबद्दल मी खोदून विचारलं. शेवटचं पुस्तक कुठलं? "एच. सी. वर्मा. दोन्ही भाग."

रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ मध्ये आला, तेव्हापासून सीनियर मंडळी रॅगिंग करत नाहीत, नुसती 'इंट्रो' घेतात. याची इंट्रो झाली त्या रात्री स्वारी फारच नाराज होऊन परतली. मला वाटलं, उठाबशा काढायला लावल्या असतील. तसलं काही नव्हतं. दुसऱ्याच दशांशाला त्याला गप्प बसवलं होतं.

वर्कशॉपमध्ये मात्र त्याला गुरू भेटला. फिटिंगचा जॉब होता: लोखंडी पट्टीच्या कडा कानसीनं घासून काटकोनात आणायच्या. दुपारभर घासून यानं पट्टी नेली. सरांनी गुण्या लावला, पट्टी खिडकीकडे धरली. कडेखालून लख्ख उजेड. हा म्हणाला, "सर, थोडासाच फरक आहे. पॉइंट..." सर म्हणाले, "पॉइंट राहू दे. उजेड दिसतोय." हे त्यानं स्वतःच येऊन मला सांगितलं, हाताचे फोड दाखवत, हसत. पोरगा तेव्हापासून मला जरा बरा वाटायला लागला. हे त्याला कळू दिलेलं नाही.

परवा गावाहून त्याचे वडील आले, खांद्यावर शेंगांचं पोतं. खोलीला कुलूप म्हणून आमच्या दारात थांबले. मी नाव विचारलं, तर म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्या पोराचा बाप. ९७.४६१८३०२." एकही आकडा चुकला नाही. चहा घेताना हळूच विचारलं, "पण सायेब, मेकॅनिकल म्हंजी नेमकं काय शिकिवत्यात?" मी गॅरेजपासून रॉकेटपर्यंत फिरवून आणलं. त्यांनी मान डोलावली. कॉलेजची फी भरायला काय विकलं, ते ओघात सांगून गेले आणि लगेच शेंगा घ्यायचा आग्रह धरला.

तेवढ्यात चिरंजीव उगवले. पहिल्या सेमिस्टरचा निकाल नुकताच लागला होता. बापानं विचारलं, "गणिताला किती?"

"एम-वनला चाळीस," तो चपलांकडे बघत म्हणाला. "पास आहे."

वडिलांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण काढलं, ४० लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, "पॉइंट किती?"