ताई आली

बाबांचं आजारपण शेवटाला आलं तेव्हा ताई ठाण्याहून आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल. बाबा आतल्या खोलीत. ताई आधी गेली फ्रिजकडे.

“ही कोथिंबीर कुठल्या सालातली गं?”

आठ महिने बाबांचं पथ्यपाणी, डायपर, रात्रीची जागरणं, सगळं मी करत होते. एका जुडीने माझी सेवा पाण्यात घातली.

परवा अझाझेल जेकब्सचा ‘हिज थ्री डॉटर्स’ (२०२३) पाहिला आणि कळलं, ही बाई न्यूयॉर्कलाही राहते. तिथं तिचं नाव केटी, काम कॅरी कूनचं. आत वडील शेवटच्या घटका मोजतायत, बाहेर तीन मुली. वडील जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाहीत, नुसती यंत्राची टिकटिक ऐकू येते. केटी ब्रुकलिनची, म्हणजे त्याच शहरातली, तरी येणं-जाणं बेताचंच. वडिलांजवळ राहते ती रेचल, गांजा ओढणारी आणि मॅचवर पैसे लावणारी. साहजिकच चुकते तीच. “आता आपण भांडायचं नाही,” हे केटी अशा सुरात बजावते की भांडण तिथंच सुरू होतं. हृदय थांबलं तर ते पुन्हा चालू करायची खटपट नको, या कागदावर सही राहिलीय. रडणं त्यानंतर.

आमच्या ताईचीही फाइल होती. पहिल्या कप्प्यात मेडिक्लेम, दुसऱ्यात रिपोर्ट, तिसऱ्यात सोसायटीच्या पावत्या. (पावत्यांचा बाबांच्या फुप्फुसांशी काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही.) चौथ्या कप्प्यात निधनवार्तेचा मजकूर तयार, तारखेची जागा तेवढी मोकळी. वय ८१ लिहून शेजारी पेन्सिलीने ८२, कारण वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. बाबा तेव्हा आत मऊ भात खात होते.

“वर्तमानपत्रवाले शब्दांवर पैसे घेतात,” ताई म्हणाली. “‘प्रेमळ’ काढू का? त्यांना ओळखणाऱ्यांना माहीतच आहे.”

मी म्हटलं, राहू दे. त्या शब्दाचे पैसे मी देते. तिने तेही फाइलीत टिपून ठेवलं.

बाबा ८१व्या वर्षीच गेले. ताईने पेन्सिलीचा आकडा खोडला आणि खोडरबर बराच वेळ हातात धरून बसली. मग उठून भिशीचा हिशेब मागावा तशा आवाजात केटररला फोन लावला.

सिनेमा तिलाही बघायला सांगितला. रात्री उशिरा तिचा फोन आला.

“बघितला. ती थोरली फारच बोलते गं. अगदी तुझ्यावर गेलीय.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण फ्रिजबद्दल तिचं बरोबर आहे.”