टिंबशास्त्री

प्रत्येक संगणक-कचेरीत असा एक गृहस्थ असतोच, की ज्याच्यापुढे आपली अडचण पुरती मांडून होण्याच्या आत तो तिचा निकाल देऊन मोकळा होतो. आणि मनस्तापाची गोष्ट अशी, की तो निकाल बहुतेक वेळा बरोबर निघतो. हिंजवडीतील आमच्या कचेरीत हे पद ज्यांनी बिनतक्रार बळकावले होते, त्यांना सारी मंडळी टिंबशास्त्री म्हणत. त्यांचे खरे नाव पगारपत्रकात होते. पण त्या नावाने कोणी हाक मारली असती, तर खुद्द त्यांनीच दुसरे कोणी आले आहे की काय म्हणून मागे वळून पाहिले असते.

कोणी नवखा तरुण काळ्या पडद्यावर हाताने हुकूम टंकून जावाचा प्रोग्राम कंपाइल करू पाहत असावा, ‘पॅकेज युटिल डझ नॉट एक्झिस्ट’ अशी फिर्याद यंत्राने त्याच्या तोंडावर फेकलेली असावी, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर शास्त्रीबुवा पाण्याची बाटली भरण्याच्या मिषाने त्याच्या मागून जात असावेत, हा योग आमच्याकडे इतक्या वारंवार जुळून येई की त्यांना तहान खरोखर लागत होती की नाही याविषयी मी साशंक आहे. पडद्याकडे दृष्टिक्षेपही न टाकता ते विचारीत,

“टिंब दिलंस का?”

“दिलंय, सर.”

“दाखव.”

या ‘दाखव’पुढे भल्याभल्यांची बोटे अडखळत. मुलगा वरच्या बाणाची कळ दाबून आपला हुकूम पुन्हा पडद्यावर आणी, आणि तेथे टिंब नसे.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी खुलासा करणे अवश्य आहे. जावाच्या कंपाइलरला कोणतेही पॅकेज कोठकोठे शोधावे याची एक यादी द्यावी लागते; तिला क्लासपाथ म्हणतात. यादी मुळीच दिली नाही, तर तो आपण उभे आहोत त्याच फोल्डरात शोध घेतो. परंतु एकदा का परक्यांची पॅकेजे ज्यांत बांधून येतात त्या जार फायलींचा पत्ता त्या यादीत लिहून दिला, की स्वतःचे ठिकाण तो साफ विसरतो, आणि परक्यांची पॅकेजे पटापट सापडत असता आपण काल स्वहस्ते लिहून तेथेच ठेवलेले पॅकेज अस्तित्वात नाही असा बेधडक दाखला देतो. त्या यादीत एक टिंब घातले, की चालू फोल्डर पुन्हा हिशेबात येतो. परक्यांच्या सरबराईत घरच्या माणसाला विसरण्याची ही खोड केवळ यंत्रातच आढळते असे नव्हे; पण तो विषय येथे तहकूब ठेवतो.

शास्त्रीबुवांच्या मते या टिंबाला खुद्द कंपाइलरचीही साक्ष होती. चूक दाखवताना तो त्या ओळीच्या खाली एक लहानसे टोकदार चिन्ह काढतो, आणि पॅकेज सापडत नसेल तर ते चिन्ह इम्पोर्टच्या ओळीतील शेवटच्या टिंबाखालीच येऊन बसते. “बघ, तो बिचारा कधीचा टिंबाकडे बोट दाखवतोय, आणि तू भलतीकडेच पाहतोयस,” असे ते म्हणत. हे टिंब निराळे आणि क्लासपाथातील टिंब निराळे, हे त्यांना ठाऊक नव्हते थोडेच! पण सिद्धांतावर श्रद्धा जडली की असल्या क्षुल्लक भेदांची हुज्जत कोण घालतो?

टिंबाचा आणखी एक उपकार त्यांनी हुडकून काढला होता, आणि तो सांगताना त्यांचे डोळे बारीक होत. लिब फोल्डरातील सगळ्या जार एकदम घ्याव्यात म्हणून ‘लिब’पुढे तिरपी रेघ आणि तारांकन देण्याची सोय जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2006 पासून आहे; तत्पूर्वी एकेका जारचे नाव हाताने लिहावे लागे, आणि ते दिवस शास्त्रीबुवांनी काढले होते. परंतु ते तारांकन अवतरणचिन्हांत न घातल्यास कंपाइलरपर्यंत पोचण्यापूर्वीच, टंकलेला हुकूम आधी वाचणारे बॅश शेल त्याला गाठून त्याचा अर्थ परस्पर लावते: पहिली जार तेवढी क्लासपाथात जाते आणि उरलेल्या भलत्याच जागी जाऊन पडतात. तेच तारांकनाच्या आधी टिंब आणि अपूर्णविराम असेल, तर त्या विचित्र नावाचा फोल्डर शेलला कोठेच सापडत नाही आणि ते मजकूर जसाच्या तसा पुढे धाडते. म्हणजे अवतरणचिन्हे विसरलेल्या आळशी माणसालाही टिंब तारून नेते. हे विवेचन प्रथम ऐकले तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. पुढे तेच विवेचन इतक्या वेळा ऐकावे लागले की तो नमस्कार मी परत घेतला.

अपूर्णविरामाचे प्रकरणही त्यांच्याच अधिकारात मोडे. लिनक्सवर यादीतील दोन पत्त्यांच्या मध्ये अपूर्णविराम लागतो, विंडोजवर अर्धविराम. विंडोजवरची ओळ कोणी तशीच उचलून लिनक्सवर चिकटवली, तर अर्धविरामापाशी हुकूम संपला असे समजून शेल पुढचा भाग दुसरा हुकूम म्हणून चालवू पाहते. पण हा आजारही त्यांच्या निदानात दुय्यम. आधी टिंब, मग बाकीचे.

कचेरीबाहेरच्या आयुष्यातही हे टिंब सुटले असते तर बरे झाले असते. कँटीनमध्ये कोणाचा डबा सापडेना, तरी “टिंब दिलंस का?” प्राप्तिकराचा परतावा अडकला, तरी तेच. एका तरुणाने त्यांना लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा वधू कोण, मुहूर्त कोणता, यांपैकी काहीही न वाचता त्यांनी पाकिटावरील ‘सौ. व श्री.’ एवढेच निरखले आणि “दोन्ही आहेत” असा शेरा मारून पत्रिका खिशात घातली. माणूस लग्नाला मात्र वेळेवर हजर होता.

कुळकर्ण्याला गावातला प्रत्येक खातेदार जसा बापजाद्यांसकट माहीत असे, तशी आमच्या प्रकल्पातील प्रत्येक जार त्यांना ठाऊक होती. कॉमन्स लँग नावाच्या जारने 2011 साली तिसऱ्या आवृत्तीत आपल्या पॅकेजाचे नावच बदलून ‘लँगथ्री’ केले, तेव्हा 2.6 ची जार फोल्डरात धडधडीत हजर असूनही यंत्र नकार का देते, हे सांगायला त्यांना फायली चाळाव्या लागत नसत. एका जारच्या अभावी पडद्यावर शंभर चुका ओतल्या जातात (कंपाइलर शंभरावर थांबतो तो दयेने नव्हे, तशी मर्यादाच घालून दिलेली आहे). त्यांतली पहिली तेवढी वाचावी आणि बाकीच्या नव्याण्णवांना विसरावे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मेव्हनसारखी साधने, जी लागतील ती पॅकेजे आपण होऊन इंटरनेटवरून ओढून आणतात, त्यांच्याविषयी शास्त्रीबुवांचे मत प्रतिकूल होते. घरात कोण शिरले याची नोंद नको काय, असा त्यांचा सवाल असे. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या 11 ओळींचे जावास्क्रिप्टचे पॅकेज त्याच्या कर्त्याने रागावून काढून घेतले आणि जगभरचे प्रकल्प बंद पडले, ती हकीकत ते दिवाळीच्या फराळाइतक्या चवीने (आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा) वाढीत. आता तर मुले संभाषण करणाऱ्या यंत्राला विचारतात, आणि ते यंत्र प्रसंगी जगात कधीच नसलेल्या पॅकेजाचे नाव अत्यंत अदबीने सांगते. शास्त्रीबुवा उद्धट होते खरे. पण त्यांनी नसलेली जार कधी सांगितली नाही.

एका ग्राहकाकडे जावाच्या आठव्या आवृत्तीवरून अकराव्या आवृत्तीवर जाण्याचे काम निघाले. सर्व्हरच्या त्या खोलीत इंटरनेट नव्हते, मोबाइल दाराशी जमा करून घेत, आणि आमचा एक उमेदवारीवरचा मुलगा दुपारपासून ‘जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट बाइंड’ हे पॅकेज अस्तित्वात नाही, हे एकच वाक्य वाचीत बसला होता. कालपर्यंत सुरळीत चालणारे पॅकेज आज नाहीसे कसे झाले, हे त्याला उमजेना. शास्त्रीबुवांना पाचारण झाले. त्यांनी अर्थातच टिंब विचारले, अर्थातच ‘दाखव’ म्हटले, आणि टिंब जागच्या जागी होते! त्यांचा चेहरा असा उतरलेला मी तेव्हाच पाहिला. मग खुर्ची ओढून ते बसले. हे पॅकेज पूर्वी जावाच्याच पोटात असे. 2018 सालच्या अकराव्या आवृत्तीने ते काढून टाकले, म्हणून त्याची जार आता आपली आपण द्यावी लागते, एवढे त्यांनी शांतपणे सांगितले. मग ‘जार टीएफ’ या हुकुमाने एकेक जार उघडून आतील यादी वाचायला सुरुवात केली, आणि हवी ती जार लिबच्याच एका पोटफोल्डरात, कोणीतरी पूर्वी दुसऱ्याच कामासाठी आणून ठेवलेली सापडली. तारांकन पोटफोल्डरात उतरत नाही. त्यामुळे ती हाकेच्या अंतरावर असून नसल्यासारखी होती. त्यांनी पोटफोल्डराचा पत्ता यादीत वेगळा लिहिला आणि हुकूम सोडला. काम फत्ते झाले की जावाचा कंपाइलर चकार शब्द काढत नाही. मुलाला ते ठाऊक नसल्यामुळे तो आणखी काही वेळ घाबरलेलाच होता.

या कामाचा अहवाल पुढे माझ्या टेबलावरून गेला, म्हणूनच मला पुढची गोष्ट कळली. दोष कोणी शोधला, या रकान्यात शास्त्रीबुवांनी स्वतःच्या अक्षरात त्या मुलाचे नाव लिहिले होते. महिनाअखेर त्या मुलाच्या नोकरीचा निर्णय व्हायचा होता, तो त्याच्या बाजूने झाला. शास्त्रीबुवांकडे मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिले आणि मला ‘टिंब दिलंत का’ असे विचारले. मी त्या वेळी पत्र लिहीत होतो.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मुलांनी पांढराशुभ्र केक आणून त्यावर मधोमध चॉकलेटचे एकच टिंब काढले होते. शास्त्रीबुवांनी तो केक सर्व बाजूंनी तपासला आणि म्हणाले, “अपूर्णविराम कुठंय?” मंडळी हसली, मला मात्र त्या दिवशी हसू आले नाही. त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमावा असा अर्ज मी मनुष्यबळ विभागाकडे रीतसर केला. त्यांचे कामाचे स्वरूप एका ओळीत नमूद करा, असे उलट विचारण्यात आले. मी नमूद केले. चार दिवसांनी उत्तर आले, की कंपनीच्या दफ्तरी असे कोणतेही पद अस्तित्वात नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.